वस्ती, व्याधी आणि दोषारोप : 'परिसर व आरोग्य' या विचारसूत्राची समीक्षा
(बुलढाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

माणूस कोठे राहतो यावर तो किती आणि कसा जगतो हे अवलंबून असते, हा विचार आज सामाजिक शास्त्रांत सर्वमान्य झालेला आहे. विकसनशील देशांतील शहरांविषयीच्या लेखनात तर या विचाराला गृहीतकाचेच स्थान प्राप्त झाले आहे. दाट वस्ती, अपुरे पाणी, उघडी गटारे आणि कोंदट घरे यांची नोंद करावयाची, त्याच वस्तीतील क्षय, अतिसार वा हिवताप यांच्या प्रमाणाशी तिचा सांधा जुळवावयाचा आणि 'परिसर आजारी म्हणून रहिवासी आजारी' असा निष्कर्ष काढावयाचा, ही या लेखनाची रूढ पद्धत होय. या पद्धतीने अनेक सत्ये उजेडात आणली, हे नाकारता येत नाही. तथापि तिच्यात एक दोषही दडलेला आहे. आजार जेथे दिसतो तेथेच त्याचे मूळ आहे, असे ती सहज मानून चालते. प्रस्तुत लेखात या विचारसूत्राचे बलस्थान व त्याची मर्यादा यांची चिकित्सा केली आहे. ही चिकित्सा प्रथम शहरांच्या इतिहासाच्या आणि नंतर बुलढाणा जिल्ह्यातील दोन घटितांच्या आधारे केली आहे.

विचारसूत्राची जडणघडण

एडविन चॅडविक यांनी १८४२ साली ब्रिटनमधील श्रमिकांच्या आरोग्यस्थितीवर अहवाल सादर केला. त्यात मँचेस्टर शहरातील मजुरांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय १७ वर्षे, तर रटलंड या ग्रामीण परगण्यातील मजुरांचे ३८ वर्षे नोंदविलेले आहे. या दोन आकड्यांनी परिसराचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आणला. गटारे, पाणी व कचरा यांची व्यवस्था हे शासनाचे कर्तव्य आहे, हा विचार त्यातूनच दृढ झाला. मात्र घाणीमुळे रोग आणि रोगामुळे दारिद्र्य, अशी चॅडविक यांची कारणमालिका होती. कमी मजुरी आणि उपासमार यांना तिच्यात दुय्यम स्थान मिळाले. याउलट जर्मन वैद्य रूडॉल्फ विर्शो यांनी १८४८ साली अप्पर सायलेशियातील तापाच्या साथीची पाहणी करून शिक्षण, रोजगार व राजकीय हक्क हेच त्या साथीवरील उपाय होत, असे प्रतिपादन केले. परिसराकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी तेव्हापासून समांतर चालत आल्या आहेत.

डॉ. जॉन स्नो यांचे १८५४ मधील लंडनच्या पटकीच्या साथीचे संशोधन हे परिसरविचाराचे आद्य उदाहरण म्हणून सांगितले जाते. ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोवती मृत्यू एकवटलेले त्यांनी दाखविले, हे खरे आहे. परंतु त्यांच्या युक्तिवादाला खरे बळ मिळाले ते अपवादांमुळे. पंपाजवळच्या मद्यनिर्मितीशाळेतील कामगार त्या पंपाचे पाणी पीत नसल्याने वाचले. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा, त्या पाण्याची चव आवडते म्हणून ते मागवून घेत असल्याने दगावली. परिसरात राहूनही काही वाचले आणि परिसराबाहेर राहूनही एक मेली. याचा अर्थ स्नो यांनी वस्तीचा नव्हे, तर वस्तीत येणाऱ्या पाण्याचा माग काढला होता. पुढील काळात त्यांचा नकाशा प्रसिद्ध झाला. हे अपवाद मात्र विस्मृतीत गेले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत या विचाराची प्रायोगिक कसोटी घेण्यात आली. १९९४ पासून पाच शहरांतील सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांपैकी काहींना, चिठ्ठ्या टाकून, कमी दारिद्र्य असलेल्या वस्तीत जाण्यासाठी साहाय्य देण्यात आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा कुटुंबांतील स्त्रियांमध्ये तीव्र स्थूलता व मधुमेह यांचे प्रमाण काहीसे कमी आढळले. वस्तीचा स्वतंत्र प्रभाव असतो, याचा हा महत्त्वाचा पुरावा होय. परंतु या प्रयोगाची चौकट भारतीय वास्तवाला जशीच्या तशी लागू पडत नाही. येथे घर कोठे मिळेल हे केवळ भाड्याच्या रकमेवर ठरत नाही. जात, धर्म, गावाकडचे नाते आणि रोजगार यांवरही ते ठरते. गावकुसाबाहेरची वस्ती आणि तिचा वेगळा पाणवठा ही बाजाराने केलेली निवड नव्हती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो हक्क बजावला, तो पाण्याचा होता आणि वस्तीची सीमा नाकारण्याचाही होता. परिसर ही भारतात सामाजिक व्यवस्थेची निर्मिती आहे, हे भान आयात केलेल्या चौकटीत आपोआप येत नाही.

मांडवी, १८९६ : वस्तीला दिलेली शिक्षा

आजाराचे खापर वस्तीवर फोडल्यास काय घडते, याचे ठळक उदाहरण मुंबईच्या इतिहासात सापडते. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. मांडवी हा बंदरालगतचा, धान्याच्या वखारींचा भाग. तत्कालीन अधिकाऱ्यांच्या मनावर दूषित हवा आणि घाण यांच्या उपपत्तीचा पगडा होता. त्यामुळे दाट चाळी आणि तेथील रहिवाशांच्या सवयी यांनाच दोषी ठरविण्यात आले. ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने घरझडती, सक्तीचे विलगीकरण आणि सामानाची जाळपोळ यांना कायद्याचे पाठबळ मिळाले. १८९८ साली मुंबईत शहर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन होऊन 'अनारोग्यकारक' ठरविलेल्या वस्त्या पाडण्याचे काम सुरू झाले.

त्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने कराचीत उंदरावरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो हे दाखवून दिले. ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. उंदीर धान्यामागे येतो आणि धान्य बंदर व व्यापार यांमागे येते. म्हणजे मांडवीतील साथीची वाट चाळीतील माणसांच्या सवयींपेक्षा व्यापाराच्या मार्गाने अधिक उलगडत होती. घरे पाडल्याने मात्र विस्थापित कुटुंबे शेजारच्या चाळींत कोंबली गेली आणि गर्दी एका जागेहून दुसऱ्या जागी सरकली. याच साथीत पुण्याजवळ रुग्णसेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला. वस्तीला अपराधी मानणारी शासनाची दृष्टी आणि वस्तीतील रुग्णाला उचलून दवाखान्यात नेणारी सावित्रीबाईंची दृष्टी, या दोहोंतील अंतर आरोग्यविचाराच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

गोवंडी-मानखुर्द : नियमांनी घडविलेला परिसर

परिसराचा प्रभावच नाकारणे ही मात्र उलट दिशेची चूक ठरेल. मुंबईच्या एम-पूर्व विभागातील पुनर्वसन वसाहतींचा अनुभव येथे विचारात घेण्याजोगा आहे. रेल्वे व रस्ते प्रकल्पांमुळे हटविलेल्या कुटुंबांना लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींत पक्की घरे मिळाली. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केलेली या वसाहतींची पाहणी २०१८ मध्ये प्रकाशात आली. जेथे इमारतींतील अंतर जेमतेम तीन मीटर होते आणि खालच्या मजल्यांवर ऊन व वारा पोहोचत नव्हता, तेथे क्षयरोगाचे प्रमाण अधिक आढळले. तुलनेसाठी घेतलेल्या, अधिक मोकळ्या पी.एम.जी. वसाहतीत ते कमी होते.

ही घरे पक्की होती, त्यांना नळ व शौचालय होते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वसाहतविषयक संस्थेच्या व्याख्येनुसार सुधारित पाणी, सुधारित स्वच्छतागृह, पुरेशी जागा, टिकाऊ बांधकाम आणि निवासाची सुरक्षितता यांपैकी एका वा अधिक गोष्टींचा अभाव असल्यास घर झोपडपट्टीत मोडते. या पाचही निकषांत सूर्यप्रकाश व वायुवीजन यांना स्वतंत्र स्थान नाही. त्यामुळे झोपडपट्टीतून 'बाहेर काढलेले' कुटुंब कागदोपत्री सुधारले तरी त्याच्या फुप्फुसांची स्थिती बिघडू शकते. येथे परिसर रोगकारक होता, यात शंका नाही. परंतु तो परिसर रहिवाशांनी घडविलेला नव्हता. पुनर्वसनाच्या इमारतींतील अंतराबाबत नियमांत जी सवलत दिली गेली, तिने तो घडविला होता. अशा वसाहतीत स्वच्छतेचे प्रबोधन करून ऊन घरात येणार नाही.

बुलढाणा जिल्हा : परिसराची सीमा कोठे संपते?

परिसर व आरोग्य यांविषयीचे बहुतांश लेखन महानगरांवर आधारलेले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती आणि तीत नागरी लोकसंख्या सुमारे एकपंचमांश होती. खामगाव, मलकापूर, शेगाव, चिखली, मेहकर यांसारख्या शहरांत जुने पुरे, मोहल्ले आणि शेतजमिनीवर उभी राहिलेली नवी 'लेआउट' शेजारी शेजारी आढळतात. येथील नागरी वस्ती पाण्यासाठी दूरच्या जलाशयावर अवलंबून असते. बुलढाणा शहराला येळगाव धरणाचे, तर खामगावला गेरू माटरगाव येथील धरणाचे पाणी मिळते. गाव आणि शहर यांतील रेषा येथे पुसट आहे. म्हणूनच महानगरी विचारसूत्राची खरी परीक्षा अशा जिल्ह्यात होते.

पहिले घटित खारपाणपट्ट्याचे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर क्षेत्रात भूजल खारट आहे. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव, संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांतील गावे त्यात येतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे स्वीकार्य प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर २,००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. 'दुसरा स्रोत नसेल तर' ही सवलत विज्ञानापेक्षा परिस्थितीला दिलेली आहे. या भागात मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार दीर्घकाळ केली जाते. त्यामागे केवळ क्षार आहेत, की उन्हातील कष्ट व शरीरातील पाण्याची घट, कीटकनाशके आणि वेदनाशामक गोळ्या यांचाही वाटा आहे, हा प्रश्न एका घटकावर बोट ठेवून सुटणारा नाही. मात्र एक गोष्ट स्पष्ट आहे. भूजल खारे असणे हे निसर्गाचे घटित आहे, तर तेच पाणी पिण्याची वेळ येणे हे योजनेचे घटित आहे. वान प्रकल्पावरून १४० गावांसाठी आखलेली पाणीपुरवठा योजना हे त्याचे प्रत्यंतर होय. ज्या घराच्या नळाला गोडे पाणी नियमित येते, ते घर भूगोलाने खारपाणपट्ट्यात असले तरी आरोग्याच्या दृष्टीने त्याबाहेर असते. जे घर जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला आहे, ते मात्र विंधन विहिरीकडे परत ढकलले जाते.

दुसरे घटित अलीकडचे आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस व जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, कठोरा आदी गावांत अनेकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळू लागले. प्रथम संशय गेला तो गावच्या पाण्यावर आणि बुरशीच्या संसर्गावर. म्हणजे येथेही परिसरच आरोपी ठरला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकांनी नमुने घेतले. महाडचे ज्येष्ठ वैद्य डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्र तपास केला. त्यांच्या नोंदीनुसार १८ गावांतील २७९ व्यक्ती बाधित होत्या. बाधितांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले आणि जस्ताचे प्रमाण घटलेले त्यांना आढळले. त्याचा संबंध त्यांनी स्वस्त धान्य दुकानातून आलेल्या, पंजाब-हरियाणाकडील गव्हाशी जोडला. पंजाबातील नवांशहर व होशियारपूर परिसरातील काही जमिनी सेलेनियमयुक्त असल्याचे मृदाशास्त्रात पूर्वीपासून नोंदलेले आहे. डॉ. बावस्कर यांचा निष्कर्ष एका संशोधकाचा आहे आणि त्याची अधिक पडताळणी होणे इष्टच आहे. तथापि त्याने उपस्थित केलेला प्रश्न मूलगामी आहे. गव्हाच्या पोत्यातून शेकडो मैलांवरची माती ताटात येत असेल, तर 'परिसर' म्हणजे नेमके काय?

या घटिताची सामाजिक बाजूही तितकीच बोलकी आहे. टक्कल पडलेल्यांशी अंतर राखले जाणे, सोयरिकी अडणे, मुलांनी शाळा-महाविद्यालयात जाण्यास संकोचणे, असे प्रकार वृत्तपत्रांतून पुढे आले. संसर्गाचा पुरावा नसतानाही गावाचे नाव हाच कलंक ठरला. मांडवीच्या रहिवाशांना १८९६ मध्ये जे भोगावे लागले, त्याचीच ही सौम्य आवृत्ती होय. आजाराचे मूळ वस्तीत आहे असे एकदा ठरले की वस्तीतील माणूस रुग्ण न राहता संशयित होतो.

पद्धतीविषयक निष्कर्ष

उपरोक्त उदाहरणांवरून काही निष्कर्ष संभवतात. पहिला असा की, परिसर हे बहुधा आजाराचे आदिकारण नसते. दूरचे निर्णय, दूरचे पाणी, दूरचे धान्य आणि दूर बसून केलेले नियम रहिवाशाच्या शरीरापर्यंत जेथे पोहोचतात, ते ते ठिकाण असते. दुसरा असा की, जनगणनेतील झोपडपट्टीची व्याख्या सुमारे ६० ते ७० घरे वा ३०० लोकसंख्येची सलग दाट वस्ती गृहीत धरते. लहान शहरांत चार-दोन घरांच्या तुकड्यांत विखुरलेले वंचित अशा व्याख्येतून निसटतात. तिसरा निष्कर्ष महाविद्यालयीन संशोधनाशी निगडित आहे. वस्तीचे सर्वेक्षण म्हणून विद्यार्थ्यांकडून ज्या प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात, त्यांत साक्षरता, व्यसन, हात धुण्याची सवय यांविषयीचे प्रश्न विपुल असतात. नळाला किती दिवसांआड पाणी येते, जलवाहिनीचे टोक कोठे आहे, रेशनचा गहू कोणत्या गोदामातून आला, दोन भिंतींत अंतर किती, हे प्रश्न क्वचितच असतात. पहिल्या प्रकारचे प्रश्न रहिवाशाला विचारता येतात. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे कार्यालयांकडे मागावी लागतात. संशोधनाचा कल सोप्या प्रश्नांकडे झुकला की निष्कर्षही आपोआप रहिवाशावर येऊन थांबतो.

समारोप

परिसर आणि आरोग्य यांचा संबंध नाकारणे हा या समीक्षेचा हेतू नाही. चॅडविक यांच्या १७ आणि ३८ या दोन आकड्यांतील अंतर आजही निरनिराळ्या रूपांत आढळते. प्रश्न आहे तो हे अंतर वाचण्याचा. मांडवीत ते वाचताना घरे पाडली गेली, गोवंडीत ते बुजविण्याच्या नावाखाली ऊन हिरावले गेले आणि शेगाव तालुक्यात काही काळ गावेच कलंकित झाली. तिन्ही ठिकाणी दृष्टी वस्तीच्या सीमेवर थांबली होती. स्नो यांचे खरे श्रेय त्यांनी नकाशा काढला यात नसून, नकाशात न बसणाऱ्या हॅम्पस्टेडच्या विधवेचा मृत्यू त्यांनी समजून घेतला यात आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील अभ्यासकाला तेच करावे लागेल. वस्तीत शिरण्यापूर्वी वस्तीत काय शिरते याची नोंद त्याला प्रथम घ्यावी लागेल. तसे झाले तरच परिसराचा अभ्यास रहिवाशावरील दोषारोप न ठरता त्याच्या बाजूची साक्ष ठरेल.