पडद्यावर न आलेला खासदार

‘नॉक डाउन द हाउस’ हा माहितीपट बघून झाला की बहुतेक जणी एकाच मुलीबद्दल बोलतात. अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्तेझ. बोलावं अशीच ती आहे. २८ वर्षांची, हॉटेलात बर्फाच्या बादल्या उचलणारी, आणि वीस वर्षांच्या खासदाराला घरी बसवणारी. मी मात्र हा माहितीपट दुसऱ्यांदा बघितला तो त्या घरी बसलेल्या खासदारासाठी. जो क्रॉली त्यांचं नाव. तेव्हा वय ५६. म्हणजे मुलीच्या बरोबर दुप्पट, आणि आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या वयाचे. आपल्या वयाचा माणूस हरताना बघितला की, खरं सांगते, टाळ्या वाजवायला हात जरा जड होतो.

आधी गोष्ट सांगते, कारण अमेरिकेतली पद्धत माहीत नसेल तर यातली गंमत कळत नाही. आपल्याकडे तिकीट दिल्लीहून नाहीतर बंगळूर-मुंबईहून येतं. कोणाला मिळालं, कोणाचं कापलं, हे आपल्याला पेपरात कळतं. तिथं पक्षाचा उमेदवार कोण हेसुद्धा मतदार ठरवतात, आणि त्यासाठी आधी एक वेगळी निवडणूक होते. तिला प्रायमरी म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये या प्रायमरीत फक्त त्या त्या पक्षाकडे नाव नोंदवलेल्यांनाच मत देता येतं. ज्या भागात एकाच पक्षाचा जोर आहे, तिथं खरी लढत हीच. क्वीन्स आणि ब्राँक्स मिळून झालेला हा १४ नंबरचा मतदारसंघ तसाच होता. डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी जिंकली की नोव्हेंबरमधलं मतदान म्हणजे उपचार.

आणि क्रॉलींना या प्रायमरीत २००४ नंतर कोणी आव्हानच दिलेलं नव्हतं. चौदा वर्षं. दर दोन वर्षांनी निवडणूक, आणि दर वेळी पक्षातून समोर कोणी नाही.

रेचल लिअर्स या दिग्दर्शिकेनं २०१६ च्या निवडणुकीनंतर अशा प्रस्थापितांविरुद्ध उभ्या राहणाऱ्या बायका शोधल्या आणि चौघींच्या मागे कॅमेरा लावला. न्यूयॉर्कची ही ओकासिओ-कॉर्तेझ, मिझुरीची नर्स आणि धर्मोपदेशिका कोरी बुश, वेस्ट व्हर्जिनियाची कोळसा खाणकामगाराची मुलगी पॉला जीन स्वेअरेंजिन, आणि नेवाडाची एमी व्हिलेला. व्हिलेलाची तरुण मुलगी विम्याचे कागद दाखवता न आल्यामुळं वेळेवर उपचार न मिळता गेली, आणि त्या दुःखातून ती राजकारणात आली. माहितीपट दीड तासाच्या आतबाहेर आहे. सनडान्स महोत्सवात प्रेक्षकांच्या मतांवर त्याला बक्षीसही मिळालं.

चौघींपैकी एकच जिंकली. तिला मोठा वाटा मिळणार हे उघडच होतं. पण वाटा किती मोठा असावा? व्हिलेलाचं मतदानाच्या रात्रीचं रडणं येतं, पाठोपाठ ओकासिओ-कॉर्तेझचा फोन येतो, तो प्रसंग चांगला आहे. स्वेअरेंजिन आपल्या गावातली घरं दाखवत इथं कॅन्सर, तिथं कॅन्सर असं सांगत जाते, ते बघताना घशात आवंढा येतो. पण त्या येतात आणि जातात. त्यांनी मतदारांशी काय बोलणी केली, कुठं कमी पडल्या, कोण त्यांना नको म्हणालं, हे काही कळत नाही. लग्नघरात नवरीच्या बहिणी असतात तशा त्या वावरतात. फोटोत सगळ्या आहेत, पण नाव कोणी विचारत नाही.

माहितीपटाची खरी ताकद बारक्यासारक्या गोष्टींत आहे. सुरुवातीलाच ती आरशासमोर तयार होताना म्हणते, की पुरुष उमेदवाराला कपड्यांचे दोनच पर्याय, सूट नाहीतर बाह्या दुमडलेला शर्ट. बाईला मात्र रोज नव्यानं ठरवावं लागतं. याला स्पष्टीकरण लागत नाही. नंतर एका वादसभेच्या आधी ती घरात उभी राहून दोन्ही हात लांब करते, समोरची हवा ढकलते, आणि मला जमतं, मला कळतं, असं स्वतःलाच बजावत राहते. जागा घ्यायची, आक्रसून बसायचं नाही. चाळीस-पन्नास वर्षं बसच्या सीटवर अंग चोरून बसलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रसंग लेक्चरपेक्षा जास्त शिकवतो.

पण सगळ्यात उत्तम प्रसंग पत्रकांचा. ती सोफ्यावर बसून दोन पत्रकं शेजारी शेजारी धरते. एक क्रॉलींचं, एक स्वतःचं. क्रॉलींचं पत्रक मोठं, गुळगुळीत, मजकूर ठासून भरलेला. त्यात ट्रंप यांचं नाव पुन्हा पुन्हा आहे, मी काय काय आणून दिलं ते आहे, पण मतदान कधी आहे ते ठळक कुठं दिसत नाही. आणि न्यूयॉर्कमध्ये तेव्हा दिल्लीच्या, म्हणजे त्यांच्या वॉशिंग्टनच्या, जागांची प्रायमरी जूनमध्ये आणि राज्याची सप्टेंबरमध्ये अशी वेगवेगळी होती. तारीख हीच तर सांगायची गोष्ट! तिच्या पत्रकावर तिचा चेहरा आणि तारीख ठसठशीत. हे तिला कुठल्या सल्लागारानं शिकवलं असेल नसेल, पण घरोघर पत्रिका वाटलेल्या कुठल्याही बाईला हे माहीत असतं. नक्षी किती का असेना, लोक आधी मुहूर्त आणि कार्यालयाचं नाव शोधतात.

ज्याला चौदा वर्षं कोणी विचारलंच नाही, त्याला तारीख छापायची आठवण कशी राहणार? क्रॉली वाईट होते म्हणून नव्हे. वीस वर्षं स्वयंपाकघर एकटीच्या हातात असलं की भाजी कोणती करू हे विचारायचं हळूहळू सुटतं, तसं.

माझी तक्रार इथंच सुरू होते. हा माणूस असा का झाला, याची माहितीपटाला उत्सुकता नाही. तो एक हसरा, उंच, सुटातला अडथळा आहे, बस्स. मी जरा इकडंतिकडं वाचलं तेव्हा त्यांची गोष्ट कितीतरी रंगतदार निघाली. १९९८ मध्ये त्या जागेवर थॉमस मॅन्टन नावाचे खासदार होते. तेच क्वीन्समधल्या पक्षाचे प्रमुख. त्यांनी उमेदवारी भरली आणि दुसऱ्या कोणाला अर्ज करायची मुदत टळून गेल्यावर मागे घेतली. मग रिकामी जागा भरायचं काम पक्षाच्या समितीकडं आलं, आणि समितीनं क्रॉलींना बसवलं. म्हणजे बघा, खुर्ची मिळाली तीच मतदारांना न विचारता. पुढं २००६ मध्ये मॅन्टन वारल्यावर पक्षप्रमुखपदही क्रॉलींकडंच आलं. २०१८ पर्यंत ते प्रतिनिधिगृहातल्या डेमोक्रॅट्समधले चौथ्या क्रमांकाचे नेते होते. नॅन्सी पेलोसी यांच्यानंतर सभापतिपदासाठी त्यांचं नाव घेतलं जायचं.

हे सगळं नीट सांगितलं असतं तर त्या पोरीच्या धाडसाचं वजन वाढलंच असतं, कमी झालं नसतं. सह्यांचा प्रसंग घ्या. उमेदवारीसाठी १,२५० मतदारांच्या सह्या लागतात आणि ही मंडळी त्याच्या कितीतरी पट गोळा करतात, कारण एखादं अक्षर चुकलं तरी सही बाद ठरवली जाईल ही भीती. ती भीती उगाच नव्हती. निवडणूक मंडळावरची माणसं तिथं जिल्ह्याच्या पक्षाच्या शिफारशीनं नेमली जातात, आणि त्या पक्षाचा प्रमुख कोण, तर समोरचा उमेदवार. माहितीपट हे ओझरतं सांगतो आणि पुढं धावतो. मला वाटतं इथंच थांबायला हवं होतं.

आणि क्रॉलींनी वीस वर्षांत केलं काय? हेही नाही. ते काही काळ अमेरिकी संसदेतल्या भारतविषयक गटाचे सहअध्यक्ष होते. शीख सैनिकांना पगडी आणि दाढी ठेवून सैन्यात काम करता यावं म्हणून त्यांनी इतर खासदारांच्या सह्या घेऊन पत्रं लिहिली. ओबामांच्या आरोग्य कायद्याच्या बाजूनं त्यांनी मत दिलं. दुसऱ्या बाजूला, २००२ मध्ये इराक युद्धाच्या बाजूनंही दिलं. जॅक्सन हाइट्स, जिथं आपल्याकडच्या साड्यांची आणि सोन्याची दुकानं रांगेनं आहेत, तो भाग याच मतदारसंघात. तिथल्या एखाद्या दुकानदारीणबाईला कॅमेऱ्यानं विचारलं असतं, की बाई, तुमचा हा जुना खासदार कसा वाटतो, तर काय उत्तर आलं असतं? कदाचित चांगलं आलं असतं. कदाचित, तो तर व्हर्जिनियात राहतो, असं आलं असतं. कारण क्रॉलींचं कुटुंब खरंच वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियात राहत होतं, आणि विरोधी प्रचारात हा मुद्दा जोरात होता. दोन्ही उत्तरं चालली असती. विचारलंच नाही, हे चाललं नाही.

एका गोष्टीत मात्र क्रॉलींची बाजू कोणालाच घेता येणार नाही. ब्राँक्समधल्या एका वादसभेला ते स्वतः गेले नाहीत. आपल्या जागी एका माजी नगरसेविकेला पाठवलं. कॅमेरा त्या सभेत आहे, आणि ती बदली आलेली बाई बिचारी दुसऱ्याच्या कामांचा पाढा वाचते आहे. आपल्याकडं नगरसेविकेच्या जागी तिचे मिस्टर सभेत बसतात, इथं खासदाराच्या जागी बाई. रीत उलटी, पण लोकांना कळायचं ते कळतंच. न्यूयॉर्क टाइम्सनं या गैरहजेरीबद्दल अग्रलेखात कान उपटले होते. हरण्याची कारणं पंडित लोक पुष्कळ देतात. मतदारसंघातली वस्ती बदलली, स्थलांतरितांचं प्रमाण वाढलं, तरुण आले. असेल. पण त्या रिकाम्या खुर्चीवर लोकांनी स्वतःचं उत्तर वाचलं असणार असं मला वाटतं.

२६ जून २०१८ ला निकाल लागला. तिला सुमारे ५७ टक्के मतं. क्रॉलींच्या प्रचाराचा खर्च तिच्या खर्चाच्या अठरापट होता असं तेव्हा छापून आलं. टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर तिनं तोंडावर हात धरला, डोळे विस्फारले. तो क्षण सगळ्या जगानं बघितला. माहितीपटातही तो आहे, आणि पाहताना आपलेही डोळे भरतात, यात काही लपवण्यासारखं नाही.

पण एक आकडा मला तिथं हवा होता. सुमारे सात लाख वस्तीच्या त्या मतदारसंघात दोघांची मिळून मतं तीस हजारांच्या आत होती. तीस हजार! आमच्या बेळगावातले दोन-तीन वॉर्ड. हा आकडा सांगितला असता तर लाट, क्रांती हे शब्द थोडे खाली आले असते, आणि जिने चढून दार वाजवणाऱ्या कार्यकर्त्यांची किंमत वर गेली असती. चार हजारांचा फरक म्हणजे इतक्या इतक्या इमारती, इतके इतके मजले. माहितीपट लोकांच्या शक्तीबद्दल बोलतो, पण लोक मोजत नाही. जग बदललं असं दाखवायचं असलं की घरं मोजायचं काम मागं पडतं, आणि ते काम कोण करत असतं ते वाचणाऱ्यांना सांगायला नको.

त्याच रात्री क्रॉलींनी आपल्या जमलेल्या कार्यकर्त्यांसमोर गिटार हातात घेतली आणि ब्रूस स्प्रिंगस्टीनचं ‘बॉर्न टु रन’ वाजवलं. ओकासिओ-कॉर्तेझसाठी, असं सांगून. वीस वर्षांची जागा गेलेल्या संध्याकाळी! त्यात मानीपणा होता, खिलाडूपणा होता की नुसती सवय, की कार्यक्रम ठरलाय तर वाजवायचं, कोण जाणे. माझ्या मनात असलेला माहितीपट या गिटारपासून सुरू होतो.

काळानं आणखी एक गोष्ट या माहितीपटाला जोडली आहे, म्हणून तो आज पुन्हा बघावा. कोरी बुश २०१८ मध्ये लेसी क्ले यांच्याकडून हरली. ती जागा १९६९ पासून आधी वडिलांकडं, मग २००१ पासून मुलाकडं होती. घराण्यांची सवय असलेल्या आपल्याला हे सांगायला शब्द शोधावे लागत नाहीत. २०२० मध्ये ती पुन्हा उभी राहिली आणि जिंकली. क्ले घराण्याची बावन्न वर्षं तिनं संपवली. आणि २०२४ मध्ये? दोन मुदती पूर्ण होता होता, पक्षातल्याच एका नव्या उमेदवारानं, वेस्ली बेल यानं, प्रायमरीत तिला हरवलं. तिच्याविरुद्ध बाहेरून प्रचंड पैसा आला हे खरं, आणि ती स्वतःही वादात सापडली होती. पण आता दार वाजवणारा दुसरा होता आणि आतली ती होती. हे दृश्य बघताना २०१८ मधली कोरी बुश आठवते, बारीक पाऊस असावा तसा आवाज असलेली, दमलेली, न थांबणारी. तेव्हाच्या कॅमेऱ्याला हे पुढचं अर्थातच माहीत नव्हतं. पण क्रॉलींना त्यानं नीट बघितलं असतं, तर या पुढच्या बुशलाही आपण ओळखलं असतं.

ओकासिओ-कॉर्तेझ २०१९ च्या जानेवारीपासून त्या जागेवर आहे. २०२०, २०२२, २०२४, तिन्ही वेळा पुन्हा निवडून आली. शेवटच्या प्रसंगात ती वॉशिंग्टनमध्ये बसून वडिलांची आठवण सांगते. लहानपणी त्यांनी तिला इथं आणून, हे सगळं आपलं आहे, असं दाखवलं होतं. वडील गेलेले आहेत, त्यामुळं तो प्रसंग लागतोच. फक्त संगीत थोडं कमी चाललं असतं.

महिला मंडळात दाखवायचा विचार असेल तर जरूर दाखवा. मराठी उपशीर्षकं मिळतील याची खात्री नाही, पण कॉलेजातली एखादी सून किंवा भाची शेजारी बसवली तर काम होतं. पत्रकांच्या प्रसंगाला थांबवा आणि आपल्याकडं गेल्या निवडणुकीत आलेलं एखादं पत्रक कपाटातून काढून शेजारी ठेवा. माझ्याकडच्या एकावर सात नेत्यांचे फोटो आहेत. उमेदवार खालून दुसरा.