देऊळ फिरलं, वर्ग का फिरत नाही?

मंडळी, विषय आहे शाळेतला संगीताचा तास. तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या मास्तराला पेटी-तबल्यातलं काय कळतं? खरंय. सहावीत असताना गुरुजी मला म्हणाले, 'तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नको.' स्नेहसंमेलनात मी तसंच केलं. टाळ्या पडल्या. पुढं कित्येक वर्षं मी कुणासमोर गायलो नाही. गुरुजी वाईट नव्हते. त्यांना समूहगीत सुरात हवं होतं. माझी टीका त्यांच्यावर नाही, 'तास म्हणजे कार्यक्रमाची तयारी' या समजुतीवर आहे.

लहानपणी फटाक्यानं दृष्टी अधू झालेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गुरूच्या घरी राहून मिळणारी विद्या वर्गात आली, सर्वांना खुली झाली. हे उपकार मोठेच. पण वर्गामागून अभ्यासक्रम आला, परीक्षा आली. संगीत विद्यालयात ते चालतं. तिथं आवड असणाराच जातो. शाळेत मात्र सगळेच येतात. तिथं आपण दार उघडलं आणि आत चाळण लावली.

ही चाळण कशी चालते बघा. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो. पेटी मात्र ठरलेल्या पट्टीतच वाजते. पोरगं ओढाताण करतं, वर्ग हसतो, आणि 'बेसूर' हा शिक्का बसतो. अहो, पट्टी खाली घ्या ना! पट्टी बदलायला काही लागत नाही. ज्याला ऐकू कमी येतं, त्याचा तळहात ढोलकीच्या खोडावर ठेवा. केरव्याच्या आठ मात्रा त्याला हातातून कळतील. आणि नवनिर्मितीसाठी लांब कशाला जायचं? आपल्या आज्या जात्यावर बसून स्वतःच ओव्या रचत होत्या, परीक्षा न देता. मुलांना एक ओळ द्या, दुसरी त्यांना जुळवू द्या.

यावर आक्षेप येतो: मग सुराची किंमत काय राहिली? आक्षेप योग्य आहे. सूर हवाच. पण कान तयार होतो तो ऐकून, गाऊन, चुकून, पुन्हा गाऊन. ज्याचं तोंडच बंद केलं, तो सुधारणार कसा? 'याला सूर नाही' हा निकाल आपण शिकवण्याआधीच देतो आणि त्यालाच पुढं पुरावा मानतो. तर्कशास्त्रात याला मी नापास केलं असतं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तिथं कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक सांगितलाय. तो मिळायला हवाच. पण त्यानंही येऊन चांगले दहा गळे निवडले, तर बाकीच्यांना काय मिळालं?

शेवटी आपल्याच भागातली गोष्ट. औंढा आपल्याला जवळ. नामदेवांना देवळापुढं कीर्तन करू दिलं नाही, ते मागं जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. इतिहास म्हणून नका घेऊ. शिकवण म्हणून घ्या. मागं बसलेल्याला पुढं यायची लायकी सिद्ध कर, असं त्या कथेतला देव म्हणाला नाही. तो स्वतः वळला. दगडाचं देऊळ वळतं, तर पेटीची एक पट्टी वळायला काय हरकत आहे?