दोन रकान्यांतले मूल

व्हर्जिनिया व्होल्तेरा आणि ट्राउटे टेश्नर यांचा 1978 सालचा निबंध आज फारसे कोणी प्रमाण मानत नाही. तरीही द्विभाषिक बालकांच्या शब्दसंग्रहावर लिहायचे तर सुरुवात तिथूनच करावी लागते. जन्मापासून दोन भाषा ऐकणाऱ्या मुलाच्या डोक्यात आरंभी दोन कोश नसतात, दोन्हीकडचे शब्द एकाच पोतडीत पडतात, असे या दोघींचे म्हणणे होते. पुरावा असा, की एका भाषेतल्या शब्दाला दुसऱ्या भाषेतला जोडीदार या वयात जवळजवळ सापडत नाही. हा सगळा डोलारा उभा होता इटालियन-जर्मन बोलणाऱ्या दोन बहिणींवर आणि वेर्नर लिओपोल्ड यांनी आपल्या लेकीच्या बोलण्याच्या ज्या नोंदी 1939 ते 1949 या काळात चार खंडांत छापल्या, त्यांवर.

तीन मुलींवरून एवढे बोलणे धाडसाचेच. पण त्या काळी साधनच ते होते: भाषाशास्त्रज्ञ आईबापांनी वही घेऊन आपल्याच मुलाच्या मागे फिरायचे. फ्रान्सच्या ज्यूल रोंजा यांनी 1913 मध्ये आपल्या मुलावर असेच पुस्तक लिहिले. बाप फ्रेंचच बोलणार, आई जर्मनच, असा त्या घरचा दंडक होता. अशा वह्यांतून मूल डोळ्यांपुढे उभे राहते. नंतरच्या आलेखांतून ते क्वचितच राहते, हे मला आजही खटकते.

वहीची जागा यादीने घेतली. मॅकआर्थर यादी म्हणून ओळखली जाणारी ही प्रश्नावली 1993 मध्ये प्रसिद्ध झाली. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठीच्या इंग्रजी यादीत 680 शब्द आहेत. मूल जो शब्द बोलते त्यावर पालकांनी खूण करायची, इतकेच. मायामीत बार्बरा पिअरसन आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन याद्या शेजारी ठेवल्या आणि नकळत प्रत्येक मुलाचा एक छोटा द्विभाषिक कोशच तयार झाला. 1995 मध्ये त्यांनी 27 मुलांचा हिशेब मांडला. एक मूल सोडून सर्वांकडे जोड्या होत्या. सरासरी 30 टक्के शब्दांना दुसऱ्या भाषेत जोडीदार होता, आणि जेमतेम दोन ते बारा शब्द बोलणारी मुलेही त्याला अपवाद नव्हती. पोतडीचा सिद्धांत तिथेच खचला.

याच गटाच्या 1993 च्या निबंधाचा व्यावहारिक उपयोग मात्र मला जास्त वाटतो. समजा, एखादे मूल 40 मराठी आणि 35 इंग्रजी शब्द बोलते आणि त्यांत 15 जोड्या आहेत. मराठी यादी हाती घेणाऱ्याला ते 40 शब्दांचे दिसेल, इंग्रजीवाल्याला 35 चे. प्रत्यक्षात त्याच्याकडे 75 शब्द आहेत आणि 60 वस्तू-क्रियांना नावे आहेत. एकाच भाषेत मोजून मूल मागे आहे म्हणणे म्हणजे अर्धा हिशेब. एरिका हॉफ यांनी दक्षिण फ्लोरिडात 2012 मध्ये हेच दाखवले: भाषा सुट्या मोजल्या तर द्विभाषिक मुले मागे दिसतात, एकत्र मोजल्या तर बरोबरीने चालतात. तरीही बोलायला उशीर झाला की ‘घरात एकच भाषा ठेवा’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो, आणि आजीची भाषा त्यात आधी जाते.

पुढचे काम प्रयोगशाळेतले. ओळखीच्या वस्तूशेजारी अनोळखी वस्तू दाखवून नवा शब्द उच्चारला, की एकभाषिक मूल अनोळखी वस्तूकडे पाहते; ओळखीच्या वस्तूला नाव आहेच, मग हे दुसरीचे असणार. क्रिस्टा बायर्स-हाइनलाइन आणि जॅनेट वर्कर यांनी 2009 मध्ये दीड वर्षाच्या आसपासची मुले तपासली. द्विभाषिकांत हा कल पुसट होता आणि त्रिभाषिकांत दिसलाच नाही. त्याच दोघींच्या 2013 च्या निबंधात तर ज्यांना जोड्या जास्त कळतात, त्यांच्यात हा कल आढळत नाही असे निघाले. म्हणजे मुलाचा कोश केवळ साठवण नव्हे. नवा शब्द कसा शिकायचा हेही तो ठरवतो. या क्षेत्रातला सर्वांत देखणा निष्कर्ष मला हाच वाटतो.

पण या साऱ्यामागे एक गृहीत आहे: प्रत्येक शब्द कुठल्या रकान्यात पडतो हे आईबापांना ठाऊक असते. मायामीत ते बऱ्याच अंशी खरे असेल. मुंबईत मूल ‘दूध’ म्हणाले तर खूण मराठीत करायची की हिंदीत? कान, नाक यांचेही तेच. पाणी-पानी, हात-हाथ यांत उच्चाराचा फरक आहे, पण दीड वर्षाच्या जिभेला तो पेलत नाही. ‘बॉल’ची गंमत आणखी वेगळी. घराघरांत बोलला जाणारा शब्द तोच. ‘चेंडू’ बरेचदा पुस्तकातच भेटतो. ‘बॉल’ला इंग्रजी ठरवले तर मूल द्विभाषिक होते, मराठी ठरवले तर होत नाही.

एकसारख्या शब्दांकडे संशोधकांचे लक्ष गेलेले नाही असे नाही. स्पॅनिश-कॅटलान मुलांत पहिल्या जोड्या मुख्यतः सारख्या आवाजाच्या असतात, हे लाउरा बॉश यांच्या 2014 च्या कामातून दिसले. कारोलिन फ्लोकिया यांच्या ब्रिटनमधल्या 2018 च्या मोठ्या अभ्यासात इंग्रजीसोबतच्या 13 भाषा किती दूर-जवळ आहेत, याचा मुलांच्या शब्दसंख्येशी संबंध तपासला आहे. त्यात बंगाली आहे, हिंदी-उर्दू एकत्र आहे, मराठी नाही. शिवाय तिथे अंतर मोजले ते इंग्रजीपासूनचे. मराठी-हिंदी घरातला पेच त्या मोजपट्टीवर येतच नाही.

आपल्याकडे या विषयाची सुरुवात चांगली झाली होती. अशोक केळकरांनी 1964 मध्ये मराठी बाळबोलीवर निबंध लिहिला, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बाळबोलींची तुलना केली त्यांत मराठी होती. मम्मम, भू भू, चिऊ, काऊ, हम्मा, भुर्र हे शब्द कुठल्याही अमेरिकी यादीच्या भाषांतरातून निघणार नाहीत. मराठीसाठी यादी करायचीच, तर ती केळकरांच्या शब्दांपासून करावी. मराठी आणि हिंदी यांच्यामध्ये तिसरा रकाना मोकळा सोडावा, आणि ‘बोलते का?’ याच्या पुढे ‘कोणाशी बोलते?’ हा प्रश्न छापावा. आजीकडे आणि पाळणाघरातल्या मावशींकडे मूल तेच ‘दूध’ मागत असेल, तर निदान ते एकदाच मोजले जाईल.