मराठी पडद्यावरची भीती आणि वऱ्हाडातलं भेव

अमरावती-अकोल्यात नव्वदीच्या दशकात लहानाचं मोठं झालेल्या कुणालाही विचारावं, सिनेमातलं पहिलं भेव कोणाचं वाटलं? उत्तर बहुधा तात्या विंचूचंच येतं. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३ साली आला. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यावर हसायला गेलेली लेकरं घरी येऊन बाहुल्यांकडे संशयानं पाहू लागली. मूळ कल्पना हॉलिवूडच्या 'चाइल्ड्स प्ले'ची, बाहुला रामदास पाध्ये यांचा. पण त्यात जीव ओतला दिलीप प्रभावळकर यांनी. गुन्हेगार तात्या म्हणून ते पडद्यावर थोडाच वेळ दिसतात. आत्मा बाहुल्यात शिरला की उरतो तो फक्त आवाज, आणि त्या खुनशी, घोगऱ्या आवाजावर सगळा सिनेमा तोललेला आहे.

मराठी भयपटाचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा, कारण आपल्याकडची भीती विनोदाच्या अंगणात वाढली.

इतरत्र तसं झालं नाही. हॉलिवूडने मूकपटांच्या काळात लॉन चेनी घडवला, १९३१च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधून बोरिस कार्लोफ घराघरांत पोचला, ब्रिटिशांनी १९५८मध्ये ख्रिस्तोफर लीला ड्रॅक्युला केलं. या नटांची कारकीर्दच भीतीवर उभी राहिली. हिंदीत रामसे बंधूंनी 'पुराना मंदिर'मध्ये (१९८४) अनिरुद्ध अग्रवाल यांना सैतान सामरी केलं. मात्र अग्रवाल यांची उंची आणि चेहऱ्याची ठेवण यांपलीकडे पाहण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. 'बँडिट क्वीन'मधला त्यांचा बाबू गुज्जर पाहिला की हा नट किती वाया गेला ते कळतं.

मराठीत निव्वळ भयपटाचा म्हणावा असा नट झाला नाही. त्या जागेच्या सर्वांत जवळ जातात ते प्रभावळकरच. रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यात त्यांनी चेटकीण साकारली. पुढे नव्या संचात ती वैभव मांगले यांच्याकडे गेली आणि आजच्या मुलांनीही तिला डोक्यावर घेतलं. 'रात्र आरंभ'मध्ये (१९९९) प्रभावळकरांनी दुभंगलेल्या मनाचा माणूस उभा केला. तिथे भूत नाही, बाहुला नाही. साध्यासुध्या मध्यमवर्गीय चेहऱ्यामागे काय दडलंय याची धास्ती आहे. 'पछाडलेला'त (२००४) ते इनामदार भुसनळे झाले. दोनच वर्षांनी 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी, आणि राष्ट्रीय पुरस्कार. २०२५च्या 'दशावतार'मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, त्यांनी कोकणातला बाबुली मेस्त्री रंगवला. तात्या विंचू आणि गांधीजी एकाच माणसाच्या अंगात मावतात ते आवाज, चाल आणि नजर यांच्या मेहनतीमुळे. भीती दाखवणं हे अभिनयातलं खालच्या पायरीचं काम आहे, हा समज या कारकिर्दीपुढे टिकत नाही.

तरीही आपले बरेच भयपट नटावर विश्वास टाकत नाहीत. दार करकरतं, पार्श्वसंगीत किंचाळतं, आरशात पांढरा चेहरा दिसतो, आणि नटाला घाबरायला किंवा घाबरवायला श्वासभरही वेळ मिळत नाही. जिथे तो वेळ दिला गेला तिथे फरक लगेच दिसतो. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त (२०१७) उषा नाईक यांची तुळसा प्रेमानं बोलते, गर्भार पोरीला मायेनं जपते, आणि त्या मायेनेच प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. हिंदीत त्याचा 'छोरी' झाला. 'तुंबाड'मध्ये (२०१८) लहानग्या मोहम्मद समदने नायकाचा मुलगा पांडुरंग याच्याबरोबरच रंगभूषेच्या जाड थराखालची शापित आजीही साकारली. हृषीकेश गुप्ते यांच्या 'जारण'मध्ये (२०२५) अनिता दाते यांची गंगुटी आणि अमृता सुभाष यांची राधा समोरासमोर येतात, तेव्हा खरं काय नि मनाचे खेळ काय हे कळेनासं होतं. या तिन्ही चित्रपटांतलं भय माणसाच्या देहातून येतं.

यात वऱ्हाड कुठे आहे? सिनेमाचा धंदा आजही या मुलखाला ब्रिटिश काळातल्या 'सीपी-बेरार' या नावानं ओळखतो. म्हणजे प्रेक्षक म्हणून आपली मोजदाद जुनीच. पडद्यावर मात्र वऱ्हाडी बोली येते ती बहुतेक हसवायला. भारत गणेशपुरे यांनी ती महाराष्ट्रभर नेली, हे त्यांचं मोठं काम. पण त्याच बोलीत गावातली म्हातारी चकव्याची गोष्ट सांगते तेव्हा कोणी हसत नाही. वाक्याचा हेल लांबतो, 'बाप्पा' हा शब्द हळू होतो आणि ऐकणारं पोर आईला बिलगतं.

आणि भूमी तर तयारच आहे. 'लपाछपी'ला उसाचा फड मिळाला; आपल्याकडे डोक्याएवढी तूर आहे, अंधारात पांढरी फुटलेली पराटी आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी पसरलेला खारपाणपट्टा आहे, जिथे विहीर खणली तरी पाणी खारं लागतं. सातपुड्याच्या कड्यावर नरनाळा आणि गाविलगड हे किल्ले आहेत, चिखलदऱ्याचं धुकं आहे, कीचकवधाची कथा सांगणारी दरी आहे. एवढं असताना इथल्या लेखकाने कोकणातला वाडा उसना आणू नये.

नटांचीही वानवा नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने अमरावतीत दरवर्षी हौशी कलावंत दिवसभराची नोकरी सांभाळून रात्री तालमी करतात. त्यांच्यापैकी कुणीतरी एक पात्र, एक कंदील आणि अस्सल वऱ्हाडी बोली एवढ्याच भांडवलावर भीतीचा अर्धा तास उभा करावा. आवाज कसा वापरायचा हे प्रभावळकरांनी दाखवून ठेवलंय. पुढच्या मोसमात अमरावतीच्या सांस्कृतिक भवनात किंवा अकोल्याच्या प्रमिलाताई ओक सभागृहात असा प्रयोग लागला, तर वऱ्हाडच्या रसिकांनी तिकीट काढून पहिल्या रांगेत बसावं.