‘साज’ आणि रसिकाचे द्विधा मन : लोकप्रिय गायिकांवरील अनधिकृत चित्रपटाचा एक विचार

सई परांजपे यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘साज’ हा हिंदी चित्रपट १९९८ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा मराठी रसिकाने तो पाहण्याआधीच ओळखला. रंगभूमीवरील गायक पिता, त्याचा अकाली मृत्यू, पोरक्या झालेल्या दोन बहिणी, पार्श्वगायनात थोरलीने निर्माण केलेले साम्राज्य आणि तिच्या छायेत स्वतःचा सूर शोधणारी धाकटी, एवढ्या खुणा मिळाल्यावर मानसी (अरुणा इराणी) आणि बन्सी (शबाना आझमी) ही नावे पडद्यापुरतीच उरली. हे चित्रण मंगेशकर भगिनींचे नाही, असे परांजपे यांनी सांगितले. आशा भोसले यांनी मात्र, लांब वेण्यांच्या दोन स्त्रिया उभ्या करून दोन-चार प्रसंग फुगवण्याचा हा खटाटोप व्यर्थ आहे, अशा आशयाची नापसंती व्यक्त केली.

या दोन विधानांच्या मध्ये रसिक उभा होता. वऱ्हाडात मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावी हे दोन आवाज पोहोचले ते आकाशवाणीवरून, तबकड्यांतून आणि लग्नमंडपातील कर्ण्यातून. गायिका प्रत्यक्ष दिसण्याचा प्रसंग बहुतेकांच्या आयुष्यात आलाच नाही. अशा श्रोत्याने आवाजावरूनच एक व्यक्ती मनात घडवलेली असते आणि ती व्यक्ती त्याला घरातली वाटते. दोघी बहिणींतील स्पर्धेच्या वदंता त्याने चवीने ऐकलेल्या असतात, पुढे सांगितलेल्याही असतात. त्याच वदंता पडद्यावर आल्या की तो दुखावतो. या वर्तनाला दांभिकता म्हणणे सोपे आहे, परंतु ते पुरेसे नाही. ऐकीव गोष्ट ऐकीव असेपर्यंत तिच्यावर विश्वास ठेवण्या-न ठेवण्याचे स्वातंत्र्य श्रोत्याकडे असते. तिला चेहरा, वेशभूषा आणि संवाद मिळाले की ते स्वातंत्र्य आकसते.

अनुमतीचा प्रश्न येथे उपस्थित होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात, सार्वजनिक अभिलेखांवर आधारित जीवनकथन संमतीवाचूनही प्रसिद्ध करता येते, त्यापलीकडे गेल्यास मात्र खासगीपणाचा भंग होऊ शकतो, अशी भूमिका घेतली. तेव्हा अनुमती नसणे हा ‘साज’चा मूलभूत दोष ठरत नाही. त्याची खरी अडचण बदललेल्या नावांत आहे. खऱ्या नावांनी केलेले विधान तपासता येते, खोडून काढता येते. ‘साज’मध्ये ओळख पटवण्याचे काम प्रेक्षक करतो आणि जबाबदारी कोणावरच येत नाही. रसिकाच्या तक्रारीत काही न्याय्य असेल तर तो हाच.

कथनाच्या रचनेने ही अडचण वाढवली आहे. बन्सी आपली कहाणी मानसोपचारतज्ज्ञाला सांगते, त्यामुळे थोरली बहीण सर्वत्र धाकटीच्या स्मरणातून दिसते. मानसीला स्वतःचे म्हणणे मांडण्याची जागा नाही. काल्पनिक कथेत हा दृष्टिकोनाचा रास्त उपयोग ठरला असता. ज्ञात व्यक्तींची सावली पडलेल्या कथेत तो एकतर्फी साक्षीसारखा वाटतो. असे असले तरी चित्रपटाला केवळ कुजबुजीत काढणे अन्यायाचे होईल. गाणे हा स्त्रीचा व्यवसाय असू शकतो, त्यात मत्सर, आर्थिक गरज, थकवा आणि महत्त्वाकांक्षा यांना स्थान असते, हे येथे गांभीर्याने दाखवले आहे. गायिकेला मखरात बसवणाऱ्या भक्ताला ते रुचत नाही. पुरुष कलावंतांतील स्पर्धेला आपल्याकडे ‘जुगलबंदी’ असा प्रतिष्ठित शब्द आहे. बहिणींमधील स्पर्धेला ‘भांडण’ म्हणतात!

सर्वांत मोठा पेच मात्र आवाजाचा. भूपेन हजारिका, राजकमल, यशवंत देव व झाकीर हुसेन यांनी या चित्रपटाला संगीत दिले, जावेद अख्तर यांना गीतलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. देवकी पंडित व कविता कृष्णमूर्ती यांचे गायन कसदार आहे. तरीही पडद्यावर मानसीचा स्वर अद्वितीय म्हणून गौरवला जातो, तेव्हा प्रेक्षकाच्या कानात दुसराच स्वर वाजत असतो. बालगंधर्वांच्या बाबतीत हे अंतर कमी जाणवले. २०११ च्या ‘बालगंधर्व’मधील गायनासाठी आनंद भाटे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; परंतु १९६७ मध्ये निवर्तलेल्या गंधर्वांना प्रत्यक्ष ऐकलेले प्रेक्षक तेव्हा थोडेच उरले होते. लता मंगेशकर आणि आशा भोसले यांचा आवाज तर ‘साज’च्या काळात घरोघरी रोज ऐकू येत होता.

याउलट घरातूनच आलेला चित्रपट म्हणजे ‘मी वसंतराव’ (२०२२). मूर्तिजापूरला जन्मलेल्या वसंतराव देशपांडे यांची भूमिका व गायन नातू राहुल देशपांडे यांनी केले. वऱ्हाडातील रसिकाने तो आपल्या भागातील माणसाचा गौरव म्हणून स्वीकारणे स्वाभाविक होते. येथे आवाजाचा वारसा आहे, संशयाला जागा नाही. पण नातवाने आजोबांना उभे केले की पाहणाराही पाहुण्यासारखा वागतो. घरच्यांनी न सांगितलेले विचारायला तो धजत नाही. ‘साज’ पाहताना चिडलेला रसिक निदान प्रश्न तरी विचारत होता.

अलीकडे या वादाचे केंद्र सरकले आहे. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या आवाजाच्या, कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे केल्या जाणाऱ्या अनधिकृत नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. १९९८ मध्ये दिग्दर्शिकेला दुसरी गायिका शोधावी लागली होती आणि त्या परक्या आवाजामुळेच ‘हे खरे नव्हे’ असे रसिकाला पदोपदी जाणवत राहिले. यंत्राने मूळ आवाज हुबेहूब उमटवला, तर बन्सीच्या तोंडी बसवलेल्या प्रत्येक कल्पित प्रसंगाला तो आवाज साक्षीदार होईल, आणि घरातल्या माणसाचा आवाज ऐकणारा श्रोता त्यावर विश्वास ठेवील.