एकक सारखं, अर्थ वेगळा: लिनक्सच्या सेन्सर-फायलींची एक चिकित्सा

लॅबमधल्या कुठल्याही लिनक्स मशीनवर टर्मिनल उघडा आणि सिस, क्लास, एचडब्ल्यूमॉन या वाटेने आत जा. तिथे एचडब्ल्यूमॉन०, एचडब्ल्यूमॉन१ अशी फोल्डर्स दिसतील. त्यातल्या एखाद्यातली ‘टेम्प१_इनपुट’ ही फाईल कॅट केली की आकडा येतो: ४५०००. हजाराने भागा, झाले ४५ अंश सेल्सिअस. एनर्जी, परफॉर्मन्स, कूलिंग अशा विषयांवर काम करायला घेतलं की बहुतेक जण हा आकडा पायथनच्या चार ओळींत वाचतात, सीएसव्हीत भरतात आणि आलेख काढतात. माझं म्हणणं असं, की इथे थोडं थांबायला हवं. ही व्यवस्था तुम्हाला एकक नीट सांगते, पण मोजमाप कसलं आहे ते फारसं सांगत नाही.

आधी चांगली बाजू. मदरबोर्डवर आणि प्रोसेसरमध्ये तापमान, व्होल्टेज, पंख्याचा वेग मोजणाऱ्या चिप्स शेकड्याने आहेत. प्रत्येकीचे रजिस्टर वेगळे, भाषा वेगळी. कर्नलचा ड्रायव्हर हे सगळं पोटात घेतो आणि बाहेर एकच करार पाळतो: तापमान मिलिडिग्रीत, व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, पॉवर मायक्रोवॉटमध्ये, पंखा आरपीएममध्ये. एका फाईलमध्ये एकच आकडा. त्यामुळे शेल स्क्रिप्टपासून मोठ्या मॉनिटरिंग सिस्टिमपर्यंत सगळ्यांना एकच दार वापरता येतं. हे काम लहान नाही.

आता ते तीन शून्य बघा. कर्नलच्या आत फ्लोटिंग पॉइंटचं गणित सहसा करत नाहीत, म्हणून अपूर्णांक टाळायला तापमान हजारपटीत पूर्णांक म्हणून ठेवलं जातं. ही गणिताची सोय आहे, अचूकतेची हमी नाही. एलएम७५ ही जुनी, प्रसिद्ध चिप घ्या. तिची एक पायरी अर्ध्या अंशाची आणि नेहमीच्या पट्ट्यात चूक अधिक-उणे २ अंशांची. इंटेल प्रोसेसरचा कोअरटेम्प ड्रायव्हर १ अंशाची पायरी देतो. शिवाय तिथलं रजिस्टर तापमान सांगतच नाही. टीजेमॅक्स ही जी कमाल मर्यादा असते, तिच्यापासून आपण किती अंश खाली आहोत, एवढंच ते सांगतं. वजाबाकी ड्रायव्हर करतो. फाईलमध्ये मात्र दोन्हीकडे आकडा तसाच मिलिडिग्रीत. तापमानाच्या सेन्सरची अचूकता सांगणारी फाईल या करारातच नाही.

सगळ्यात बोलकं उदाहरण एएमडीचं. २०१७ मध्ये आलेल्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरमध्ये ‘टीसीटीएल’ नावाचं रीडिंग खऱ्या तापमानापेक्षा २० अंशांनी जास्त येत होतं. हे बिघाडामुळे नव्हतं. वेगवेगळ्या मॉडेल्सवर पंख्याचं धोरण एकसारखं चालावं म्हणून ते मुद्दाम ठेवलं होतं. कर्नलच्या कागदपत्रांतही टीसीटीएल ही एक मानीव मोजपट्टी आहे, प्रत्यक्ष तापमान नाही, असं लिहिलेलं आहे. तरी ती येते मिलिडिग्रीतच, इतर तापमानांच्या रांगेत बसून. पुढे के१०टेम्प ड्रायव्हर २० अंश वजा करून ‘टीडाय’ टेम्प१ मध्ये आणि मूळ टीसीटीएल टेम्प२ मध्ये देऊ लागला. मग २०२० मध्ये या दोघांची अदलाबदल झाली. कारण योग्यच होतं: जुन्या प्रोसेसरशी आणि कागदपत्रांशी मेळ बसवायचा होता. पण परिणाम बघा. तेच मशीन, तीच फाईल, फक्त कर्नल अपडेट केला आणि तुमचा प्रोसेसर २० अंशांनी ‘तापला’. दोन सेमिस्टरच्या नोंदी एकाच आलेखात असतील, तर निष्कर्षाचं काय होईल ते तुम्हीच ठरवा. ‘टेम्प१_लेबल’ वाचणारा वाचला. फक्त ‘टेम्प१_इनपुट’ वाचणारा फसला.

मदरबोर्डवरच्या चिप्सची गत आणखी अवघड. चिपला अनेक पिना असतात. कुठल्या पिनेला सेन्सर जोडायचा ते बोर्ड बनवणारा ठरवतो. ड्रायव्हरला ते कळत नाही, म्हणून रिकाम्या पिनेचंही ‘तापमान’ मिळतं: कधी शंभराच्या पुढे, कधी शून्याखाली. १२ व्होल्टची लाईन चिपला थेट झेपत नाही, म्हणून रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी केलेलं असतं. ड्रायव्हर साधारणपणे पिनेवरचाच आकडा देतो. तो परत मोठा करण्याचं काम एलएम-सेन्सर्सच्या कॉन्फिग फाईलवर सोडलेलं आहे. तुमच्या बोर्डाची कॉन्फिग नसेल, तर मिलिव्होल्ट बरोबर आणि अर्थ चूक.

यावर कुणी म्हणेल, ही व्यवस्था देखरेखीसाठी आहे, संशोधनासाठी नाही. पंखा बंद पडला, मशीन तापलं, एवढं कळलं की पुरे. मान्य. नावातच ‘मॉनिटरिंग’ आहे. पण त्याच कर्नलमध्ये आयआयओ नावाची दुसरी व्यवस्था आहे, ॲक्सेलरोमीटरसारख्या सेन्सरसाठी. तिथे कच्चा आकडा, स्केल आणि ऑफसेट वेगवेगळ्या फायलींत मिळू शकतात. अचूकता तिथेही लिहिलेली नसते, पण एक पायरी केवढी ते तरी कळतं. म्हणजे हे अशक्य नव्हतं. एचडब्ल्यूमॉनने वापरणं सोपं केलं आणि त्या बदल्यात मूळ झाकलं. अपडेटचा वेळ सांगणारी फाईल करारात आहे, पण ऐच्छिक. पुष्कळ ड्रायव्हर ती देतच नाहीत आणि आतल्या आत जुनं रीडिंग सुमारे सेकंदभर धरून ठेवतात. तुम्ही सेकंदाला १०० वेळा वाचलंत, तर १०० मोजमापं मिळत नाहीत. एकच मोजमाप १०० वेळा मिळतं. मग त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढून एरर बार लावले, तर ते कशाचे?

मग काय करायचं? सोपी तपासणी आहे. प्रयोगाआधी हजार रीडिंग्ज घ्या आणि त्यात वेगळे आकडे किती आहेत ते मोजा. शेजारच्या दोन वेगळ्या आकड्यांत कमीत कमी फरक किती, तो बघा. ती तुमची पायरी. आकडा किती वेळाने बदलतो ते बघा. तो तुमचा खरा सॅम्पलिंगचा वेग. मशीनवर लोड टाका. जो आकडा हलत नाही, त्यावर विश्वास ठेवू नका. फोल्डरच्या नंबरवर विसंबू नका, तो रीबूटनंतर बदलू शकतो. ‘नेम’ आणि ‘लेबल’ वाचून सेन्सर ओळखा. आणि पेपरच्या मेथड्स विभागात ‘सीपीयूचं तापमान मोजलं’ एवढंच लिहू नका. ड्रायव्हर, लेबल, कर्नलची आवृत्ती, प्रोसेसरचं मॉडेल आणि वाचनाचा वेग या पाच गोष्टी लिहा. दोन ओळींत मावतात.

निरपेक्ष तापमानावर दावा करायचा असेल, तर बाहेरून कॅलिब्रेट केलेला सेन्सर लावावाच लागेल. पण एकाच मशीनवर, एकाच कर्नलवर, आधी आणि नंतर अशी तुलना असेल आणि मिळालेला फरक त्या पायरीपेक्षा बराच मोठा असेल, तर याच फायली चांगलं काम देतात. गाईड विचारतील, ‘हा आकडा आला कुठून?’ फाईलचं नाव हे त्याचं उत्तर नाही. चिपपासून फाईलपर्यंत त्या आकड्याचं काय काय झालं, हे सांगता आलं पाहिजे.