रडारशोधक निवडताना

मोहाडीत राहणाऱ्या माणसाला आपल्या गाडीसाठी रडारशोधक घेण्याची बुद्धी का व्हावी, हा प्रश्न आमच्या मंडळींनी पहिल्याच दिवशी विचारला होता. मी तो नेहमीप्रमाणे ऐकलाच नाही. आमचं मोहाडी म्हणजे तालुक्याचं गाव. चौंडेश्वरीच्या देवळामुळे लोकांना ठाऊक. इथे गाडीला वेग घ्यायचा तर आधी म्हशीची परवानगी लागते, आणि सुगी असली तर सडकेवर वाळत घातलेल्या धानाचीही. पण भंडाऱ्याकडे जाताना मधे रस्ता थोडा मोकळा मिळतो, आणि माणूस वयाने कितीही पिकला तरी मोकळा रस्ता पाहिला की त्याचा उजवा पाय सोळा वर्षांचा होतो. तशात एकदा झाडाखाली उभ्या असलेल्या एका पांढऱ्या गाडीने माझा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो मोबाइलवर आला. फोटो झकास होता. लग्नातसुद्धा माझा इतका स्वच्छ फोटो कुणी काढला नव्हता. खाली मजकूर असा : वेग 84, मर्यादा 70, दंड दोन हजार.

आमचे जावईबापू ओहायोत असतात. फोनवर त्यांना हे दुःख सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "बाबा, तुम्ही रडार डिटेक्टर का नाही लावत? इथे पुष्कळ लोक लावतात." ओहायोचा माणूस हे बोलला यात नवल नाही, कारण या यंत्राचं माहेरच ते. डेल स्मिथ नावाच्या तिथल्या एका गृहस्थाने 'फझबस्टर' नावाचं यंत्र काढलं आणि 1970च्या दशकात ते अमेरिकाभर गाजलं. गाजायला कारणही तसंच झालं. 1973 साली तेलाची टंचाई झाली, आणि 1974मध्ये सरकारने देशभर ताशी 55 मैलांची मर्यादा घातली. म्हणजे आपले साधारण 88 किलोमीटर. एवढा लांबलचक देश आणि एवढीशी चाल! लोकांनी मर्यादा पाळण्याऐवजी यंत्रं विकत घेतली. पुढे 1995 साली ती मर्यादा गेली, यंत्रं राहिली.

जावईबापूंनी मग मला निवडीसाठी निरनिराळ्या यंत्रांची माहितीपत्रकं पाठवली, आणि मी ती दिवाळी अंक वाचावा तशी पालथी घातली. तत्त्व समजायला सोपं आहे. वरठीच्या स्टेशनात न थांबणारी गाडी शिट्टी देत जवळ येते तेव्हा शिट्टीचा स्वर चढा असतो आणि पुढे निघून गेली की तो एकदम उतरतो. डॉपलर नावाच्या पंडिताने 1842 साली हे सूत्रात बसवलं. पोलिसांचं रडार गाडीवर लहरी सोडतं. त्या परत येताना त्यांचा स्वर किती बदलला यावरून वेग काढतं. शोधक बिचारा स्वतः काहीच मोजत नाही. तो फक्त त्या लहरी ऐकतो आणि ओरडतो. आमच्या शेजारच्या कुत्र्याचं काम आणि याचं काम एकच. फरक किमतीत. शंभर डॉलरपासून सहा-सातशेपर्यंत.

स्वस्त शोधक सगळ्यावर भुंकतो. महाग शोधक कुणावर भुंकायचं नाही ते लक्षात ठेवतो. हा फरक सांगायला पत्रकवाल्यांनी जी भाषा खर्ची घातली आहे, तेवढी आमच्या समीक्षकांनी नवकवितेवरही घातली नसेल. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात तर हे यंत्र लावायला बंदी आहे. तिथले पोलीस शोधक हुडकणारा शोधक बाळगतात. त्यावर उपाय म्हणून, तो शोधक जवळ आलाय हे हुडकणारेही शोधक निघाले. इथपर्यंत वाचून मी चष्मा काढला आणि पाणी प्यालो.

दिवाळीला जावईबापू आले ते स्वतःचं जुनं यंत्र घेऊनच. "आधी हे वापरून पाहा, मग नवं निवडू." मोठ्या थाटात ते काचेला चिकटवून आम्ही नागपूरला निघालो. भंडारा गेलं, पूल गेला, यंत्र गप्प. नागपुरात शिरल्यावर मात्र ते असं किंचाळलं की मी पट्टा बांधलेला असूनही पुन्हा बांधला. समोर एक इस्पितळ होतं. त्याचं काचेचं दार माणूस आला की आपोआप सरकतं, आणि त्या दाराच्या डोक्यावर रडारच असतं, पोलिसांच्या एका पट्ट्यातलं. पुढे एक नवीकोरी गाडी शेजारून गेली तेव्हाही तोच आकांत. हल्लीच्या गाड्या शेजारी कोण आहे हे रडारनेच पाहतात. संध्याकाळपर्यंत यंत्राने आम्हांला चार दरवाजे आणि सहा मोटारी पकडून दिल्या. पोलीस एकही नाही.

पोलीस कसा सापडणार? चौकशी केल्यावर उलगडा झाला. त्या पांढऱ्या गाडीत रडार नव्हतंच, लेसर होतं. लेसरचा झोत तीनशे मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद असतो. नेमका आपल्याच गाडीवर पडतो, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत वेग मोजून मोकळा होतो. शोधकाला तो कळतो, नाही असं नाही. पण कळतो तेव्हा पावती फाडून झालेली असते. वरात निघून गेल्यावर बँड वाजवणाऱ्याला कोणी पैसे देतं का? सातशे डॉलरच्या वस्तूवर माझा अभिप्राय तिथेच तयार झाला होता. तरी यंत्र काचेवरून काढलं नाही. जावयाने आणलेली वस्तू!

भाऊबीजेनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसभर जत्रा, रात्री दंडार. त्या दिवसांत एकदा रात्री भंडाऱ्याहून परत येत होतो. मंडळी मागे पेंगत होत्या. जावईबापू शेजारी. रस्ता मोकळा, यंत्र मुकं, आणि माझा उजवा पाय पुन्हा सोळा वर्षांचा. ऐंशीला गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते, हे गणित मला येतं; पण त्या वेळी आठवत नव्हतं. समोरून एका ट्रकवाल्याने डिपर दिला. एकदा, दोनदा, तीनदा. आपल्याकडे याचा अर्थ एकच : पुढे पोलीस उभे आहेत. मी चरफडलो. सातासमुद्रापलीकडचं यंत्र गप्प, आणि हा फुकटचा माणूस सांगतो! दोन हजार आठवले आणि मी गाडी चाळीसवर आणली.

वळण घेतलं. दिव्यात काय दिसलं ते एकदम कळलंच नाही. धानाचे भारे दिसले. ट्रॉली होती. चाक निखळलेलं, मागे दिवा नाही. आणि तिला वळसा घालून मंडईहून परतणाऱ्या बाया चालल्या होत्या, सडकेच्या मधोमध. एकीच्या कडेवर झोपलेलं पोर, दुसऱ्या पोराच्या हातात फुगा. ब्रेक लागले. गाडी थांबली तेव्हा फुगा बॉनेटच्या इतका जवळ होता की त्यावरचं चित्र दिसत होतं. बाई फक्त म्हणाली, "हळू जी."

मागून मंडळी जाग्या झाल्या. "काय झालं हो?" मला उत्तर देता येईना. जावईबापूंनी हात पुढे करून यंत्राची वायर काढली. बोलले काहीच नाहीत.

मी गाडी पुढे घेतली नाही. भंडाऱ्याकडे तोंड करून कडेला उभी केली आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला डिपर देत बसलो. ट्रॉलीवाला चाक आणायला गेला होता, तो तासाभराने आला. तोवर माझा अंगठा दुखायला लागला होता. जो येई तो दुरूनच वेग कमी करी. एकाने तर शेजारी गाडी थांबवून काच खाली केली आणि हळूच विचारलं,

"कावून जी, किती जण उभे हायेत?"

"लय हायेत," मी म्हटलं. "सावकाश जा."